तिघांचं इंजिन

नगरच्या एका वर्कशॉपात आसाराम आठ वर्षं इंजिनं खोलत होता. सदुसष्ट साली तो शेवगावजवळच्या आपल्या गावी परतला आणि त्यानं मोसंबीची दीडशे कलमं लावली. विहीर सामाईक होती. श्रीमंत आणि बन्सी हे शेजारचे दोघे तिचे भागीदार. मोट सोडून डिझेल इंजिन बसवू, ही कल्पना आसारामची. सत्तर साली इंजिन आलं. तीन-तीन दिवसांची पाळी ठरली.

पहिल्याच आठवड्यात श्रीमंतानं ऑइल न बघता इंजिन सुरू केलं. आसारामनं ते बंद केलं, सुरू करायचं हँडल काढलं आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकलं.

"ज्याला कळतं त्याच्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चाकावरचा, पंप फिरवणारा पट्टा गायब होता. तो श्रीमंताच्या पडवीत खुंटीला लटकत होता. बन्सीनं चार दिवस वाट पाहिली. मग आसारामकडूनच पाना मागून नेला आणि इंजिनात डिझेल सोडणारं नोझल काढून कोपरीच्या खिशात घातलं.

तेव्हापासून इंजिनाला तिघं लागू लागले. ज्याची पाळी असेल त्यानं दोघांना बोलावून आणायचं. प्रत्येकानं आपली वस्तू जोडायची, पाणी संपेपर्यंत तिथंच बसायचं आणि मग ती काढून घरी न्यायची. गावातले लोक हसत. आसारामला त्यात वावगं वाटत नव्हतं. इंजिन कसं चालवायचं हे त्यानं दोघांना कधी शिकवलं नाही. शिकवलं तर आपल्याला कोण विचारणार, असं तो बायकोला, रंगुबाईला, उघड सांगे.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. दिवाळीत श्रीमंताची ज्वारी निसवायला, कणसं बाहेर पडायला आली होती. तो आपल्या पाळीच्या एक दिवस आधी हँडल मागायला आला. आसारामची बाग भिजलेली होती, विहिरीत पाणी होतं.

"पाळी म्हंजे पाळी," आसाराम म्हणाला.

एका दिवसानं ज्वारी मेली नसती. तरी श्रीमंत ते विसरला नाही.

त्र्याहत्तरच्या चैत्रात बागेनं पहिला बहार धरला होता. सुपारीएवढी फळं लागली होती. विहिरीत दिवसाकाठी इंजिनाला दोन तास पुरेल एवढंच पाणी साचे. आसारामची पाळी सुरू झाली आणि कळलं की बन्सी सासुरवाडीच्या लग्नाला राहात्याला गेलाय. नोझल त्याच्या खिशातच होतं.

तीन दिवस रंगुबाई आणि आसाराम हंड्यांनी पाणी ओतत राहिले. दीडशे झाडं, हंडा चाळिसाव्या झाडापर्यंत पोचेस्तोवर पहिलं आळं कोरडं पडे. चौथ्या दिवशी बन्सी आला. पण आता पाळी श्रीमंताची होती.

"अवो, जाऊन हात जोडा की," रंगुबाई म्हणाली. "झाडं जातील, मान न्हाई जायचा तुमचा."

आसाराम गेला. श्रीमंत बाजेवर बसून तंबाखू मळत होता. त्याच्या रानात ढेकळांशिवाय काही नव्हतं.

"श्रीमंता, तुझी पाळी मला दे. माझी तू घे."

"मला कशाला? काय भिजवू, ढेकळं?"

"मग दे ना."

"पाळी म्हंजे पाळी. मी पानी काढीन, न्हाईतर हिरीतच ठेवीन."

"बाग जाईल रं."

"व्हय, जाईल," श्रीमंत म्हणाला आणि तंबाखू ओठाखाली ठेवली.

तीन दिवस विहिरीत पाणी तसंच राहिलं. मग बन्सीची पाळी. त्यानं चाऱ्याचा घास भिजवला, कारण त्याची म्हैस गाभण होती. आसारामनं त्याच्यासाठी हँडल फिरवलं. स्वतःच्या पाळीला त्यानं इंजिन लावलं तेव्हा झाडांखाली पानांचा आणि हिरव्या फळांचा सडा पडला होता. पाणी दिलं. फांद्या फुटल्या नाहीत.

वैशाखात झाडं तोडायची ठरली. कुणी न बोलावता श्रीमंत आणि बन्सी कुऱ्हाडी घेऊन आले. एकानं बुंधा तोडला, दुसऱ्यानं फांद्या ओढल्या. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भाकरीच्या आत दीडशे झाडं आडवी झाली.

"फुडल्या साली नवी लाव," बन्सी घाम पुसत म्हणाला. "आमी हाओत की."

"लावीन," आसाराम म्हणाला. "पर माझ्या हिरीवर."

सामाईक विहिरीपासून साठ पावलांवर त्यानं नव्या विहिरीचा गोल चुन्यानं आखून ठेवला होता. श्रीमंतानं त्या गोलाकडे नजर टाकली, आणि घरी जाताना तो आपल्या बांधावर थांबून, वाकून, विहिरीला जागा शोधावी तशी, जमीन बघत राहिला.