मावशी मॉडेल

धाकटी ज्या कंपनीत नोकरीला होती, तिथे स्वस्तातले लॅपटॉप आणि फोन तयार होत. कोणत्या मशीनमध्ये काय घालायचं आणि काय गाळायचं, हे ठरवणं तिचं काम. दोघी बहिणींत ती लहान, म्हणून मावशीनं तिला पाळण्यात असल्यापासून धाकटी म्हटलं, आणि पस्तिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नाही.

ज्या लॅपटॉपची ही गोष्ट, तो ठरला त्या बैठकीत बराच वेळ मेमरीवरच घोडं अडलं होतं. चार जीबी ठेवायची की आठ? यंत्रांची चाचणी घेणारी बाई आठसाठी हटून बसली होती.

"चारमध्ये व्हिडिओ कॉल चालू असताना दुसरं काही उघडलं की मशीनचा जीव गुदमरतो," ती म्हणाली. "आणि मेमरी आतल्या बोर्डावरच झाळून पक्की केलेली. घेणाऱ्याला मागाहून वाढवायचीही सोय नाही."

धाकटीला जेवायला उशीर होत होता आणि साहेबांचा कल चारकडे आहे हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. ती म्हणाली, "अहो, पण हे घेणार कोण? माझी मावशीच घ्या. ती काय एका वेळी दहा गोष्टी उघडणार आहे? एखादा व्हिडिओ बघेल, चार फोटो बघेल, आणि मग मशीनवर विणलेला रुमाल घालून ठेवेल."

सगळे खो खो हसले. चाचणीवाली तेवढी हसली नाही.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "मावशीला चार पुरे."

त्या लॅपटॉपला बाजारात वेगळं भारदस्त नाव मिळालं, पण कंपनीत त्याला सगळे मावशी मॉडेलच म्हणू लागले. आपल्या विनोदावरून असं नाव पडलं याचं धाकटीला तेव्हा कौतुकच वाटलं.

खरं तर तिची मावशी रुमाल विणणाऱ्यांतली नव्हतीच. तिनं सारा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काढला होता, आणि शेवटची कित्येक वर्षं एक अख्खा वॉर्ड एकटीच्या दमावर चालवला होता. कोणत्या खाटेवर कोण, कुणाला कोणतं औषध कधी द्यायचं, हे तिला कागद न बघता सांगता यायचं. नवे डॉक्टर तिला टरकून असत. धाकटीला हे सगळं ठाऊक होतं. पण हशा पिकवायला विणलेला रुमाल बरा पडतो.

निवृत्तीनंतर मावशीला नर्सिंगच्या मुलींना घरबसल्या शिकवायचं काम मिळालं, तेव्हा ती कुणाला न विचारता दुकानात गेली आणि नेमका तोच लॅपटॉप घेऊन आली. फोनवर तिचा आनंद गगनात मावत नव्हता. "अगं, दुकानदार दुसरंच काहीतरी गळ्यात मारत होता. मी म्हटलं, नाही, आमच्या धाकटीनं केलेलं मशीनच हवं!"

बदलून घे, एवढं म्हणायला धाकटीला तेव्हा वेळ होता. पण का म्हणून विचारलं असतं तर काय सांगायचं? "छान केलंस," ती म्हणाली, आणि पुरेल तिला, अशी स्वतःची समजूत घातली.

पुढे मावशीचे फोन कमी झाले. आले तरी शिकवण्याचा विषय निघाला की ती दुसरंच बोले. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी धाकटी तिच्याकडे जाऊन थडकली. लॅपटॉप कपाटावर होता, बंद खोक्यात.

"शिकवणी सोडली मी," मावशी म्हणाली. ती भांडी घासत होती आणि तिनं मागे वळून पाहिलं नाही. "झेपेना गं."

"तुला? तुला झेपेना?"

"मुली समोर दिसायच्या, इकडे चित्रं उघडायची, तिकडे हजेरी भरायची. मी एक दाबावं तर काहीच होत नाही. पुन्हा दाबावं तर ते गोल गोल फिरत बसतं. मग मी दाबलेलं सगळं एकदम उघडतं आणि माझा गोंधळ उडतो. एकदा माझाच चेहरा पडद्यावर अडकून बसला. तोंड वासलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मुलींनी त्याचं चित्र एकमेकींना पाठवलं. एकीनं चुकून मलाच पाठवलं."

धाकटीनं फडकं उचललं आणि घासलेली भांडी पुसायला घेतली.

"मी डॉक्टरकडे जाऊन आले," मावशी हळूच म्हणाली. "डोक्याच्या. तुझ्या आईला सांगू नकोस. त्यानं कागदावर घड्याळ काढायला लावलं, शब्द पाठ करून म्हणायला लावले."

"मग?"

"सगळं ठीक आहे म्हणाला. पण सुरुवातीला ठीकच दिसतं, धाकटे. मी कमी पेशंट पाहिलेत का?"

धाकटीनं लॅपटॉप खाली काढला. तो चालू व्हायलाच इतका वेळ लागला की मावशी हात पुसून तिच्या मागे येऊन उभी राहिली. धाकटीनं कॉल उघडला, चित्रं उघडली, हजेरीचा तक्ता उघडला. पडद्यावर चाक गरगर फिरायला लागलं.

"अगंबाई, तुझ्याही हाताखाली तसंच करतंय की!" मावशी म्हणाली. "बिघडलंय का हे? मला एकदा शंका आली होती. पण म्हटलं, धाकटीचं मशीन बिघडेल कसं? तुझं नाव खराब नको म्हणून मी दुकानातसुद्धा गेले नाही."

हो, बिघडलंय, मी बदलून देते, असं खोटं धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते बोलून टाकलं असतं तर सगळं झाकून गेलं असतं. पण मावशी तिच्याकडे इतक्या आशेनं पाहत होती की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "हे असंच आहे. यात मेमरी कमी आहे. एका वेळी तीन कामं याला पेलत नाहीत, आणि वाढवायचीही सोय नाही. तुझं काही चुकलेलं नाही, मावशी."

"मग अशी कमी का ठेवली?"

धाकटीनं सांगितलं. बैठक, चार आणि आठ, सगळं. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबवेना; विणलेल्या रुमालाचा विनोदही सांगून झाला.

मावशीनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग तिनं विचारलं, "रुमालाचंही सांगितलंस त्यांना?"

"हो."

"ते हसले?"

"हो."

"आणि तू?"

"मीही."

मावशी पुन्हा भांड्यांकडे वळली. घासून झालेलं पातेलं तिनं पुन्हा घासायला घेतलं. "माझं डोकं कामातून चाललं असं वाटत होतं मला," ती म्हणाली. "कुणाला सांगायची सोय नव्हती. तू आता जा, धाकटे. रागावले नाहीये मी. म्हणजे रागावलेच आहे, पण मला आत्ता बोलता येत नाही."

धाकटी घरी आली ती चोरासारखी. आईनं मावशी कशी आहे विचारलं, तर "बरी आहे" म्हणून ती खोलीत निघून गेली. आपण तिचं यंत्र नाही, तिचा स्वतःवरचा भरवसा बिघडवला, हे तिच्या मनातून जाईना. आणि अशी ही एकच मावशी थोडीच होती? दुकानादुकानांतून किती जणांनी ते मशीन नेलं असेल, आणि आपल्याच हाताला वळण नाही म्हणून ते गुमान बंद करून ठेवलं असेल.

पुढच्या वर्षीच्या मशीनांची बैठक लागली. पार्ट खरेदी करणारा गृहस्थ कपाळाला हात लावून बसला होता. मेमरीच्या चिप मिळत नव्हत्या, मिळाल्या तर परवडत नव्हत्या. लॅपटॉप पुन्हा चारवरच ठेवू आणि फोनही सहावरून चारवर आणू, असं त्याचं म्हणणं. नव्या फोनमध्ये बोलून कामं करायची सोय येणार होती, आणि तिला तर जास्तच मेमरी लागणार होती.

"बोला," साहेब धाकटीकडे पाहून मिश्कीलपणे म्हणाले. "काय म्हणते तुमची मावशी?"

हशा झाला. धाकटीची नजर टेबलावरून वर होईना.

"माझी मावशी डोकं तपासून आली," ती म्हणाली. "आपलं मशीन अडकत होतं आणि तिला वाटलं, आपल्याला वेड लागतंय. नर्स आहे ती. शिकवायचं काम सोडलं तिनं. मी तेव्हा जे बोलले ते खोटं होतं. हसू आलं म्हणून तुम्हाला ते पटलं." ती अडखळली. "लॅपटॉप आठच्या खाली नको. आणि मेमरी मागाहून वाढवायला एक स्लॉट मोकळा ठेवा. फोनही खाली आणू नका."

खोलीत कुणी खाकरलं. चाचणीवाली म्हणाली, "हे मी तेव्हाच म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतंत."

बरीच ओढाताण होऊन लॅपटॉपला आठ जीबी मिळाली, स्लॉटही मिळाला. फोन चारवर आला. "सगळंच तुमच्या मनासारखं कसं होईल?" साहेब म्हणाले, आणि धाकटीनं मान हलवली. नोकरी सोडायची तिची छाती नव्हती. त्या मान हलवण्याचीही तिला बाहेर पडताना लाज वाटली. गोदामातली माणसं जुन्या लॅपटॉपला अजून मावशीच म्हणत. एकाला तिनं तसं म्हणू नका म्हणून सांगितलं, तर तो बिचारा गोंधळून बघत राहिला. त्याला त्यामागची गोष्टच माहीत नव्हती.

धाकटीनं चांगला लॅपटॉप नेऊन दिला तो मावशीनं घेतला नाही. दुरुस्तीच्या दुकानातून तिनं दुसऱ्याच कंपनीचा वापरलेला, पण भरपूर मेमरीचा एक उचलला आणि शिकवणी पुन्हा सुरू केली. हे धाकटीला आईकडून कळलं.

नवे फोन दुकानांत लागले, त्यानंतर एका दुपारी मावशीचा फोन आला. धाकटी ऑफिसच्या व्हरांड्यात होती, येणारीजाणारी माणसं आजूबाजूला होती.

"माझ्या एका विद्यार्थिनीला फोन घ्यायचाय. तुमचा नवा बघतेय ती. बोल तिच्याशी." एवढंच म्हणून मावशीनं फोन मुलीच्या हातात दिला.

"त्यावर काय काय करणार तू?" धाकटीनं विचारलं.

"तास, टिपणं, घरच्यांशी बोलणं. लॅपटॉप नाहीये माझ्याकडे. सगळं त्यावरच करणार, मॅडम."

साहेब समोरून जात होते. धाकटीचा आवाज आधी खाली गेला, मग तिनंच तो वर आणला. "मग तो घेऊ नकोस. मेमरी कमी आहे त्यात. वर्षभरात अडकायला लागेल, आणि तुला वाटेल तुझंच चुकतंय. दुकानात मेमरी किती ते विचार, आणि आठ असेल तोच घे, जुना मिळाला तरी चालेल."

"पण तुम्ही तिथंच कामाला आहात ना?" मुलीनं विचारलं.

"हो. मेमरी किती घालायची ते ठरवणाऱ्यांत मी असते."

मुलीनं फोन परत दिला. मग पलीकडून मावशीचा आवाज आला. "बरं, ठेवते. माझा तास आहे." आणि फोन बंद झाला.

धाकटीचे कान तापले होते. ती थोडा वेळ तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मग कामाला आत गेली.