हे वाचन की लिलाव?

"हे वाचन चाललंय की मासळीचा लिलाव?"

तपासणीला आलेले साहेब बोलले आणि स्वतःच हसले. मुख्याध्यापकही हसले. हसावं लागतं.

हर्णैची शाळा, दुसरीचा वर्ग. अक्षता फळ्यावरचा शब्द वाचत होती. ब... बां... बांग... बांगडा. आवाजाला आवाज जोडत. मी तसंच शिकवत होते. आधी कानाला आवाज, मग डोळ्याला अक्षर. पोर घोकलेलं म्हणत नव्हती, खरंच वाचत होती.

साहेबांनी माझं गाव विचारलं. बुरोंडी म्हटलं, तेही मासेमारीचंच गाव.

"तरीच. घरचं वळण. बाई, बाराखडी येते का तुम्हाला? म्हणा बघू."

मी म्हटली. माझ्याच मुलांसमोर, फळ्यापाशी उभी राहून. क का कि की. अक्षता खाली बघत होती.

दुपारी ऑफिसात तळलेली सुरमई. अक्षताच्या आईने पाठवलेली. साहेब काटे चोखत होते. "ताजी आहे हो," म्हणत बोटं चाटत होते. मी मासळीच्या घरात वाढलेली. वासाने मला कधी काही झालं नाही. त्या बोटांनी मळमळलं. मागच्या पडवीत जाऊन ओकले.

पुढे कित्येक दिवस अक्षता तोंडावर हात धरून वाचायची. तो हात काढायला मला वर्ष लागलं.

मग वरचं वारं फिरलं. प्रशिक्षणं सुरू झाली. आधी ध्वनी, मग अक्षर, असं आता सगळे म्हणू लागले. तेच साहेब परत आले, मोठ्या पदावर. सोबत मोबाइलवर चित्रण करणारा एक जण. पालकांना बोलावलेलं.

"ही पद्धत आपण या शाळेत कधीच सुरू केली," साहेब कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "बाई, एखादं हुशार मूल उभं करा."

आपण! पुन्हा तीच मळमळ. पण या वेळी मी बाहेर गेले नाही.

"नाही करत," मी म्हटलं. "साहेब, तुम्ही याला लिलाव म्हणाला होता. मला बाराखडी म्हणायला लावली होती. पोर वर्षभर तोंड झाकून वाचत होती."

"झालं गेलं, बाई."

"तुमचं झालं असेल."

मुख्याध्यापक कानाशी पुटपुटले, "गप ऱ्हवा ओ." चित्रण बंद झालं. मागून अक्षताची आई मोठ्याने म्हणाली, "बाय खरा बोलताय." साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

माझ्या नावावर शेरा पडला. उद्धट. बदलीचंही कानावर येतंय. होऊ दे. कुठल्याही गावाला टाका, वर्ग माझाच असेल. त्यात अडखळणाऱ्या पोराला जो हसेल, त्याला मी दाराबाहेर काढीन. मग तो तपासणीला आलेला का असेना.