आक्कांचा चढा आवाज

आमच्या सीमाभागातल्या शहापूरच्या गल्लीत हळू बोलायची सोयच नव्हती. एकाआड एका घरात माग, आणि ते सुरू झाले की दिवेलागणीपर्यंत खटखटाट. मीठ मागायचं तर ओरडून, पोराला हाक मारायची तर ओरडून, आणि नुसत्या ओरडण्याने भागत नाही म्हणून जोडीला हातवारे. परगावचे पाहुणे आले की बिचकत. माझ्या मावशीने तर पहिल्याच दिवशी आईला आत नेऊन विचारलं होतं, "ह्या बायका सारख्या भांडत्यात कशाला गं?" त्या वेळी दारातल्या बायका शेवया किती वाळल्या यावर बोलत होत्या.

सगळ्यांत चढा आवाज समोरच्या आक्कांचा. त्यांच्या घरी साड्यांचे दोन माग होते आणि घरची भाषा कानडी. आमची मराठी. आईची आणि त्यांची एक रीत ठरून गेली होती. आई त्यांच्याशी कानडीत बोलायची आणि आक्का आईशी मराठीत. दोघींच्याही त्या भाषा मोडक्या. जेवण झालं का, एवढंच विचारायचं असलं तरी आई उंबऱ्यातून ओरडायची, "ऊटा आतेनु, आक्का?" आणि समोरून उत्तर यायचं, "व्हय, आत्ताच झालं. तुमचं?" आपापल्या भाषेत बोलल्या असत्या तर गप्पा निम्म्या वेळात उरकल्या असत्या. कारण दोघींनाही दोन्ही भाषा उत्तम कळत होत्या. बाबा आईला चिडवायचे, "तुझं कानडी ऐकून त्यांचा माग बंद पडतोय बघ." पण समोरच्याचा मान ठेवायचा तर त्याच्या भाषेत बोलायचं, असं त्या दोघींनी कधी न बोलता ठरवून टाकलं होतं. आक्कांचं कानडी फक्त घरच्यांसाठी. ते गल्लीत ऐकू आलं की आम्ही समजायचो, त्यांच्या लेकाचं आज काही खरं नाही.

माझी धाकटी बहीण अर्धी त्याच घरात वाढली. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे दुपारी बहिणीला भरवायचं, तिची वेणी घालायची, वर अबोलीचा गजरा माळायचा हे सगळं आक्का करत. रुसून बसली की ती आमच्या घरी नाही, त्यांच्या मागाखाली जाऊन बसायची. लग्न होऊन निपाणीला निघाली तेव्हा आईच्या गळ्यात पडून रडली त्याहून जास्त आक्कांच्या गळ्यात पडून रडली. आईला ते थोडं लागलंही होतं.

भांडणंही होत, नाही असं नाही. पाण्यावरून, सांडपाण्यावरून, कुणाच्या तरी कोंबडीवरून. पण आमच्या गल्लीत संक्रांतीचा पहिला तिळगूळ वर्षभरात ज्या घराशी वाजलं असेल त्या घरी न्यायचा असतो. आई वाटी घेऊन निघाली की आम्ही बहिणी खिदळत अंदाज करायचो, यंदा कुणाचं दार. ज्यांच्याशी भांडलो त्यांच्या दारात उभं राहावं लागणार, हे माहीत असल्यामुळे लोक भांडतानाही तोंड सांभाळत. मला त्या दिवसांची फार आठवण येते. आता आई नाही, बाबा नाहीत, माग बहुतेक भंगारात गेले. गल्लीत शांतता आली आणि हातात फोन आले. आक्का मात्र होत्या तशाच राहिल्या. आवाजही तोच, जणू माग अजून चालूच आहे.

गेल्या गणपतीत त्यांचा मुलगा हुबळीहून आला होता. मांडवाचे बांबू आडवे आल्यामुळे त्याची गाडी निघेना. तो मंडळाच्या पोरांवर खेकसला. तेवढ्यात आक्का बाहेर आल्या आणि हात उगारून त्याच्यावरच तुटून पडल्या, अर्थात कानडीत. तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मांडव इथंच पडतो, ही पोरं माझ्या अंगाखांद्यावर वाढली, गाडी मागल्या बोळातून काढ, असं सगळं. मी दारातच उभी होते. पोरं गालातल्या गालात हसत होती. पन्नाशीचा लेक मुकाट्याने गाडी मागे घेऊ लागला.

दुसऱ्या दिवशी निपाणीहून बहिणीने मला एक व्हिडिओ पाठवला. कुणा वाटसरूने लांबून, पाठीमागून काढलेला. त्यात मुलगा नव्हताच, तो गाडीत बसला होता. दिसत होती ती डोक्यावर पदर घेतलेली, हात उगारलेली एक म्हातारी आणि समोर मांडवाची पोरं. वर लिहिलं होतं, "आमच्याच गल्लीत राहून आमच्याच पोरांवर दादागिरी! प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा." खाली बहिणीने विचारलं होतं, ही कोण गं बया?

मी तिला लगेच फोन लावला.

"कुणाकुणाला पाठवलंस हे?"

"भिशीच्या ग्रुपवर टाकलं. जावेच्या माहेरच्या ग्रुपवरबी. का गं?"

"पूर्ण बघितलंस तरी का?"

"बसमधनं बघितलं, आवाज बंद करून. लोकं असत्यात की शेजारी."

"आता आवाज लावून बघ."

पलीकडून मला व्हिडिओतला तो चढा कानडी आवाज ऐकू आला. मग ती एवढंच म्हणाली, "आई गं. आमच्या आक्का."

तिने दोन्ही ग्रुपवरचा व्हिडिओ काढला, खरं काय झालं ते लिहिलं, माफीही मागितली. मंडळाच्या पोरांनीही गावभर खुलासे पाठवले. पण खुलासा वाचायला कुणाला वेळ असतो? व्हिडिओ आसपासच्या गावांत, कडोलीपासून सांबऱ्यापर्यंत, फिरून आला. बाजारात एक ओळखीचा दुकानदार आक्कांना हसत म्हणाला, "परवा लई तापला होता की, आक्का!" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आक्का पिशवी तशीच रिकामी घेऊन घरी आल्या. मुलगा म्हणू लागला, घर विकू, हुबळीला चल. आणि गल्लीतून त्यांचा आवाज नाहीसा झाला. मी सकाळी दारात उभी राहून कान देत असे, तर फक्त भांड्यांचा आवाज येई.

त्या आठवड्यात बहीण निपाणीहून आली. आम्ही दोघी समोर गेलो. ती आक्कांच्या पाया पडली आणि उठेचना.

"उठ गं," आक्का म्हणाल्या. "तुज्याकडनं न्हाय तर दुसऱ्याकडनं गेलंच असतं ते."

"पण माज्याकडनं गेलं न्हवं!"

आक्कांनी तिचे डोळे पुसले, चहा टाकला, तिची मुलं कुठल्या वर्गात आहेत ते विचारलं. मला वाटलं, निवळलं सगळं. घर विकणार का, असं मी भीत भीत विचारलं. "बघू," म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा होता. खिडकी उघडी होती आणि बाहेर कॉलेजची दोन पोरं हातात फोन घेऊन बोलत उभी होती. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि फोन कानाशी धरून अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "बोल बाळ. कवा येणार तू?"

पोटच्या लेकाशी, स्वतःच्या घरात, मराठीत. बहिणीने कप खाली ठेवला. आम्हा दोघींना एकमेकींकडे बघवेना. पलीकडून तो गोंधळून कानडीत काहीतरी विचारत होता, दोनदा विचारलं त्याने. आक्कांनी परत खिडकीकडे पाहिलं आणि हळूच मराठीतच सांगितलं, "न्हाय रे बाळ. बरी हाय मी."