मुंगी चावल्यासारखं

आधी स्वतःचा मूर्खपणा कबूल करते. कामतघरच्या दातांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काउंटरवर बसते, आणि अकरा वर्षं प्रत्येक पेशंटला सांगत आले, "अहो, माझ्या पण अक्कलदाढा काढल्यात. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस!" खरं म्हणजे माझी एकही दाढ काढलेली नव्हती. उलट डावीकडची खालची दाढ दोन वर्षं ठणकत होती आणि मी ड्रॉवरमध्ये लवंगांची पुडी ठेवून होते. दातांच्या दवाखान्यात!

अशा जागी बसलं की किस्से गोळा होतातच. इथे प्रत्येक जण घाबरलेला येतो आणि घाबरलेला माणूस खरं बोलतो. मी सोडून!

*

जवळच्या वडपे गावचे एक काका. चारी बाजूंनी गोडाऊन, मध्ये ह्यांचं घर. दाढ काढल्यावर काउंटरला येऊन विचारतात, "मॅडम, तिथं आता काय बसवनार?"

"काही नाही काका. अक्कलदाढेची जागा तशीच रिकामी ठेवायची."

काका गाल धरून बघतच राहिले. "रिकामी जागा? आमच्या वडप्याला अशी कोन ठेवत न्हाय!"

*

एक रिक्षावाला. दाढ निघेपर्यंत हूं नाही की चूं नाही. मग मी सूचना वाचायला घेतल्या. मऊ खायचं, गार खायचं, चोवीस तास थुंकायचं नाही.

"थुंकायचं नाही?"

"अजिबात नाही. जखमेवरची गुठळी निघाली तर रक्त येईल."

बिचारा रडकुंडीला आला. "मॅडम, दाढ परत बसवता येईल काय?"

*

इरफानभाई कापडाचा लूम चालवतात. दाढ सुजून तीन महिने रोटी दुधात बुडवून खात होते, पण दवाखान्यातून दोनदा पळाले. पहिल्यांदा तर कमालच! डॉक्टर मॅडमनी काचेचं दार लावून मला आत हळूच सांगितलं, "ताई, ह्यांचं मूळ वाकडं आहे, वेळ लागेल." मी बाहेर येते तर बाक रिकामा!

मागाहून कळलं. लूमच्या खडखडाटात कानाचा काही उपयोग नसतो, ही माणसं समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात. इरफानभाईंनी काचेतून सगळं वाचलं आणि चपला घालून निघून गेले.

दुसऱ्यांदा खुर्चीपर्यंत जाऊन परत फिरले. मी आडवी गेले. "भाई, मेरी भी निकाली है. चींटी काटी, बस!"

"दिखाओ."

"क्या?"

"जगह."

मी काय दाखवणार, कपाळ? मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी मला तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला आणि ओरडल्याच, "ताई! ही तर पार किडलीय! मंगळवारी तुमची काढायची. और भाई, आप आके देखो, फिर बैठो!"

*

मंगळवारी मी खुर्चीत, इरफानभाई बाकावर, मध्ये काच. ठरवलं होतं, काय वाटेल ते होऊ दे, आवाज काढायचा नाही. मी किंचाळले तर हा माणूस आयुष्यभर रोटी दुधात बुडवत बसणार. मॅडम इंजेक्शन घेऊन वळल्या. मी ब्र काढला नाही. ओठ हलले असतील, तेवढेच.

अर्ध्या तासानं तोंडात कापसाचा बोळा घेऊन बाहेर आले आणि ऐटीत अंगठा दाखवला. मान ताठ!

*

घरी चार दिवस पेज. गाल असा टम्म, की सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "एका बाजूनं तब्येत सुधारलीय." पण दर दोन तासांनी पेज गार करून, वर चमचाभर तूप घालून आणायच्या त्याच. मला बोलता येईना, तर आमच्या ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आता मोठा ठेवायची गरज नाही," म्हणे!

*

सोमवारी कामावर आले तर बाकावर इरफानभाई. गाल सुजलेला! शनिवारी दाढ काढून घेतली होती, आज जखम दाखवायला आलेले. मला इतका आनंद झाला, की जुनी सवय तोंडातून निसटलीच. "देखा भाई? बोली थी ना मैं, चींटी काटी, बस!"

गाल सांभाळत त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, आपने अंदर चार बार 'आई गं, मेले' बोला. हमारा तीन में हो गया."