वांगं, अलार्म आणि छपराचं भोक

परवा इथे परदेशात, युट्रेख्टच्या फ्लॅटमध्ये भरिताचं वांगं भाजलं, स्मोक अलार्म कोकलला आणि मला आईचा तंबू आठवला.

बारा वर्षांपूर्वी आई इथे आली असताना तिने वांगं भाजलं, तेव्हाही असाच अलार्म वाजला होता. मी तिच्यावर ओरडलो, ती दोन दिवस रुसली. समजूत काढायला तिला एका कॅम्पिंगच्या जागी नेलं. तिथे उत्तरेकडच्या, रेनडिअर पाळणाऱ्या भटक्या सामी लोकांचा तंबू उभारला होता. मधोमध शेकोटी, वर धूर जायला भोक. गाईड गंभीरपणे माहिती देत असताना आईने पर्समधून वांगं काढून सरळ निखाऱ्यांत खुपसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर जाणाऱ्या धुराकडे बघत आई म्हणाली, "बघ, घर असं बांधतात."

परवा अलार्म बंद करायला मी स्टुलावर चढलो, तर लेक इंग्रजीत म्हणाली, "बाबा, आपल्या घराला वर भोक का नाही?"

आजीला तिने पाहिलेलंही नाही.