दगडाकडे बघणारी बाई

मर्लिनला पंचवीसपैकी सात मिळाले तेव्हा तिला रडू आलं नाही, डोक्यात तिडीक गेली. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात चाळीस जण. त्यांतल्या एकोणचाळीस जणांनी कादंबरी उघडूनही पाहिली नव्हती, आणि नापास झाली ती एकटी, जिने ती दोनदा वाचली होती.

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करायचं म्हणजे पुस्तकं वाचायची, असा या मुलीचा बारावीपासूनचा भाबडा समज. घरातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच. बाप डॉमनिक पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आई लुईझा मासे विकणारी. त्यामुळे हा समज दूर करायला घरात कुणी नव्हतं. कॉलेजात आल्यावर पहिल्या महिन्यातच तिला कळलं, की इथे पुस्तक वाचायचं नसतं, नोट्स वाचायच्या असतात. त्या मिळतात फाटकासमोरच्या केनीच्या झेरॉक्सच्या दुकानात. ‘टीवाय इंग्लिश, पेपर पाच’ एवढं म्हटलं की केनी वर न बघता खालच्या फळीवरून गठ्ठा काढून देतो. त्या नोट्स कुणी लिहिल्या, कधी लिहिल्या, देव जाणे. झेरॉक्सची झेरॉक्स निघून निघून बारावं पान इतकं फिकं झालंय, की ते अंदाजानेच वाचावं लागतं. एके ठिकाणी तर वाक्य अर्ध्यातच तुटलंय. दरवर्षी सगळ्या वर्गाच्या उत्तरांत ते वाक्य तिथेच तुटतं आणि तपासणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

कादंबरी जुनी, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार वाडीतली. लायब्ररीतली प्रत घेताना मर्लिनने पाहिलं, आधीच्या कुणाचीच तारीख कार्डावर नव्हती. पहिली पन्नास पानं तिने डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. मग डिक्शनरी बाजूला पडली, कारण त्या वाडीत जे चाललं होतं ते तिला लहानपणापासून पाठ होतं. पहाटे ओहोटीच्या पाण्याबरोबर बोटी बाहेर पडतात. दुपारी तांडेलाची बायको हातातलं काम टाकून किनाऱ्यावर जाऊन उभी राहते. खाडीच्या तोंडाशी एक काळा दगड आहे, त्याच्याकडे टक लावून बघत राहते. कुणाशी बोलत नाही, काही खात नाही. दिवेलागणीला बोटी परत येतात.

नोट्समध्ये याचा अर्थ दिला होता: समुद्राच्या भीतीने त्या बाईला वेड लागलं आहे, आणि दगड म्हणजे मृत्यू.

मर्लिनने कपाळाला हात लावला. दगड म्हणजे दगड! पाचूबंदरला धक्क्याजवळ लाकडाचा एक जुना खुंट आहे. खाडीच्या तोंडावर वाळू साचलेली, त्यामुळे पाणी चढल्याशिवाय बोट आत घेता येत नाही. खुंट बुडाला की समजायचं, आता येतील. तोवर टोपल्या घेऊन आलेल्या बाया त्या खुंटाकडे बघत उभ्या असतात, आणि त्या वेळी त्यांच्याशी बोलायला गेलं तर उत्तर मिळत नाही. एवढी साधी गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाला बिचाऱ्याला कुठे माहीत, की आपल्या दगडाचं पुढे काय होणार आहे.

तरी एकदा खात्री करावी म्हणून तिने आईला ती गोष्ट सांगितली. लुईझा कोलंबी सोलत होती. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, “चंद्र कुठला व्हता?”

मर्लिनने पान काढलं. अर्धा, असं लिहिलं होतं.

“म्हंजे अष्टमी. साजचे सहाला भरती. दुपारी पानीच नसेल तर बोट आत येल कशी? ती बाई बरोबर उभी हाय.”

लुईझाच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं टांगलेली असतात. एक चर्चचं, उपासांचं आणि संतांच्या सणांचं. दुसरं तिथ्यांचं, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि हा हिशेब रविवारी मिस्साला जाणाऱ्यांनाही चुकत नाही. इंग्लंडातली अष्टमी आपल्या अष्टमीसारखी वागते का, असं लुईझाला विचारायची सोय नव्हती. पण पुस्तकात बोटी दिवेलागणीलाच आल्या होत्या. मर्लिनने आठ पानांचं उत्तर लिहिलं, ते चार वेळा तपासलं आणि छाती काढून सबमिट केलं. तिची हीच चूक झाली.

हे सात देणारे सामंत सर वाईट माणूस नव्हेत. वाईट असते तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. ते तासावर शिकवतात, सकाळी इथे आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात. हातात नेहमी अर्धवट खाल्लेला डबा असतो. त्यांनी मर्लिनला स्टाफरूमच्या दाराशीच गाठलं.

“मर्लिन, हे काय लिहिलंस? साहित्याच्या पेपरात भरती-ओहोटीचं टाइमटेबल?”

“सर, पण तसंच आहे ना पुस्तकात. पुढच्याच चॅप्टरमध्ये ती नवऱ्याला झापते, जाळं नीट सुकवलं नाही म्हणून. वेड लागलेली बाई जाळ्यावरून भांडेल का?”

“पुढचा चॅप्टर सिलॅबसमध्ये नाही.”

“सर, तुम्ही वाचलाय का?”

हे विचारायला नको होतं. सरांनी डब्याचं झाकण लावलं.

“कधीकाळी वाचलं असेल,” ते म्हणाले. “हे बघ, मला तुझ्याशी भांडायचं नाही. उद्या हे पेपर बाहेरचा कुणी बघणार, त्याच्यासमोरही त्याच नोट्स असणार. मी तुला वीस दिले तर तो मला विचारेल. सोमवारपर्यंत परत लिहून दे. नोट्समध्ये आहे तसं. दहा मिळाले की सुटलीस.”

सुटायचं होतंच तिला. गावच्या शाळेत जूनपासून पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायची जागा फादरांनी तिच्यासाठी धरून ठेवली होती. अट एकच, बी.ए. पूर्ण झालेलं हवं. जागा मागणारे आणखी दोघं होते, त्यांच्याकडे डिग्री तयार होती. इंटर्नलला नापास म्हणजे वर्ष अडकलं, आणि वर्ष अडकलं म्हणजे जागा गेली. सामंत सरांनी हे सगळं माहीत नसतानाही बरोबर त्याच ठिकाणी बोट ठेवलं होतं.

दोन दिवस ती घरात आदळआपट करत होती. तवा आपटला, दार आपटलं, शेजारच्या मांजराला उगाच ओरडली. आपण काय खोटं लिहिलं? ज्यांनी पान उलटलं नाही ते शहाणे, आणि आपण दोनदा वाचून येड्या? तीन वर्षं सगळे सांगत होते, आपल्या मनाने लिहा, स्वतंत्र विचार करा. केला स्वतंत्र विचार, तर सात!

“लिव ना ते सांगतान तसा,” लुईझा वैतागून म्हणाली. “तुज्या बापाचा काय जातंय? पास हो आनि मोकली हो.”

रविवारी संध्याकाळी मर्लिन बसली आणि लिहून मोकळी झाली. अडीच तासांत. फक्त नोट्स उतरवायला तिला लाज वाटली, म्हणून तिने त्यात आपली भर घातली. ती बाई कशी ताठ उभी असते, तिचे ओठ कसे हलत असतात, कुणी हाक मारली तरी तिला कसं ऐकू येत नाही, माशा बसल्या तरी ती कशी हात हलवत नाही. हे सगळं पुस्तकात नव्हतं. हे तिने धक्क्यावर बघितलेलं होतं, आणि आता वेडाचा पुरावा म्हणून ओळीने मांडलं होतं. लिहिताना हात कुठे अडला नाही. उलट मधेमधे तिला मजाच यायला लागली.

एकवीस मिळाले. सरांनी वर्गात उभं राहून तिचं उत्तर मोठ्याने वाचलं. “निरीक्षण बघा,” ते म्हणाले, “याला म्हणतात निरीक्षण.” एकोणचाळीस जणांनी मोबाइल काढून पानांचे फोटो घेतले, आणि दुपारपर्यंत केनीने तिचं उत्तर नोट्सच्या गठ्ठ्यात सगळ्यांत वर लावलं होतं. बारावं पान त्याने काढूनच टाकलं. “तुझं एकदम क्लिअर आहे,” तो म्हणाला. मर्लिन चिडायला गेली, पण कुणावर चिडायचं हेच तिला समजेना.

घरी आली तेव्हा लुईझा धक्क्यावर निघण्याच्या तयारीत होती. पंचमी होती, पावणेचारची भरती.

“किती मिलाले?”

“एकवीस.”

लुईझाने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, मग टोपली खाली ठेवून पाटावर बसली. “वाच,” ती म्हणाली. “मना समजंल असा वाच.”

“उशीर होईल तुला.”

“होऊ दे. वाच.”

मर्लिन वाचायला लागली. इंग्रजीतून मराठी करता करता तिला वाटत होतं, अर्धं गाळावं. पण आई तोंडाकडे बघत होती, आणि गाळलेलं तिला लगेच कळलं असतं. ताठ उभी राहते, हे झालं. ओठ हलतात, हे झालं. हाक ऐकू येत नाही. माशा. लुईझा मान डोलावत होती, ओळखीचं ऐकल्यावर डोलावतो तशी. “बरोबर लिवलास,” ती मधेच म्हणाली. “ओठ हलतान ते आमी जपमाला म्हनतो म्हनून. मंग? पुढं काय लिवलास?”

मर्लिन थांबली.

“पुढं... त्यावरून दिसतं, की त्या बाईचं डोकं फिरलंय.”

लुईझाची मान डोलायची थांबली. तिने पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. ती ओरडली असती तर मर्लिन ओरडली असती, आणि दोघींचीही सुटका झाली असती.

“आनि हा सगल्यांना वाचून दावला?”

“हो.”

“ते हसले काय?”

“नाही गो आय. मोबाइलवर उतरवून घेतलं त्यांनी.”

लुईझा उठली. चुंबळ दोनदा नीट केली, टोपली डोक्यावर घेतली. रोज ती निघताना हाक मारते, दार लावून घे म्हणते. आज तशीच गेली. धक्का दारातून दिसतो; मर्लिन तिथे उभी राहून बघत राहिली. आई धक्क्यावर पोचली, बाकीच्या बायांच्या जरा बाजूला उभी राहिली, आणि खुंटाकडे बघायच्या ऐवजी इकडेतिकडे बघायला लागली. उभं राहताना तिने असं कधी केलं नव्हतं. मधूनच ती शेजारणीशी काहीतरी बोलली, आणि शेजारणीने नवलाने तिच्याकडे मान वळवली.

मर्लिनला ते कागद फाडून टाकावेसे वाटले. पण जूनमध्ये फादरांना मार्कांची फाइल दाखवायची होती, आणि एकवीसचा आकडा याच कागदांवर होता. तिने ते घडी न पडू देता परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले.