भोंग्याच्या आधी

युनिटमध्ये तिला सगळे चिडीचूप मावशी म्हणत, आणि हे नाव तिनं फुकटात मिळवलं नव्हतं. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी तिची आरोळी ठरलेली, "चिडीचूप!" मग पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाईल बंद. शेजारच्या घरात कुणी भांडी घासत असेल तर ही खिडकीतून डोकं काढून सांगणार, "अहो ताई, पाच मिनिटं हात आवरा, नंतर मी येते घासायला." एकदा एका बड्या अधिकाऱ्याची मुलाखत होती. साहेब तासभर बोलले आणि शेवटी मावशी म्हणते कशी, "साहेब, खुर्ची करकरत होती. उठा, दुसऱ्या खुर्चीत बसा, आणि पहिल्यापासून सांगा." साहेब मुकाट उठले! दिग्दर्शिकेला घाम फुटला होता, पण मावशीच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

चोवीस वर्षं ती माहितीपटांसाठी आवाज टिपत होती. कान असा, की फोनवर नुसतं 'हॅलो' ऐकून माणूस उभा आहे की बसलाय ते सांगेल. आणि गंमत बघा, लहानपणी हिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आईनं सकाळी काही सांगितलं की दुपारपर्यंत गल्लीला पाठ! अशा पोरीनं पुढे दुसऱ्यांना गप्प बसवायचा धंदा पत्करावा, याला काय म्हणायचं? कान मात्र तिला अप्पांकडून, म्हणजे वडिलांकडून आला. अप्पांचं कारखान्यासमोरच्या चौकात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं.

अप्पांची एक पद्धत होती. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की त्यात कोरी कॅसेट घालायची, यंत्र दुकानाच्या दाराशी ठेवायचं, वार आणि वेळ मोठ्यानं सांगायची, आणि रस्त्यावरचा जो काय कलकलाट असेल तो अर्धा तास टेप करायचा. वाजवून बघितला, स्वच्छ ऐकू आला, की यंत्र पास. हे सगळं कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर. पहिली बाजू गिऱ्हाइकाला गाणी भरायला मोकळी. ती कॅसेट यंत्राबरोबर भेट. "जीभ न घालता चहा कडू की गोड कसं कळणार?" असं अप्पा म्हणायचे.

तेहतीस वर्षांपूर्वी एका बुधवारी त्या चौकात गोळीबार झाला. कारखान्याचे कामगार संपावर होते, फाटकासमोर जमले होते. फाटकावरच्या बंदूकवाल्यांनी गोळ्या झाडल्या. सत्तावीस माणसं मेली. त्यात मावशीचा दादा होता, वय वर्षं एकोणीस. तेव्हाची चौकशी झाली आणि कागदावर निकाल लागला, की आधी इशाऱ्याचा भोंगा वाजवला, पांगायला दहा मिनिटं दिली, जमाव हलला नाही, म्हणून नाइलाज झाला. नाइलाज! चौकातलं शेंबडं पोरही सांगत होतं की गोळ्या आधी आणि भोंगा नंतर, पण चौकातल्या माणसांचं म्हणणं कोण लिहून घेतो? सत्तावीस मेलेल्यांवरच ठपका, आणि बंदूकवाले घरी.

आता इतक्या वर्षांनी नवी चौकशी समिती बसली होती, आणि पुरावा द्यायला एकच महिना उरला होता. प्रश्न एवढाच की आधी काय वाजलं, भोंगा की बंदूक? दिग्दर्शिका त्यावरच माहितीपट करत होती. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, हट्टी, चपला झिजवणारी. तिनं म्हातारे कामगार शोधले, विधवा शोधल्या, एक रिटायर्ड पहारेकरीसुद्धा शोधला. प्रत्येकाच्या तोंडाशी माइक धरून मावशी उभी. पण स्वतः मावशी? एक अक्षर नाही.

"मावशी, तुम्ही तेव्हा दुकानात होतात ना? मग बोला की," दिग्दर्शिका तिला रोज टोचायची.

"आवाजवाल्यानं कॅमेऱ्यापुढे जाऊ नये. माझा माइक कोण धरेल, हा लंबू? त्याला आवाजातलं ओ की ठो कळत नाही." लंबू म्हणजे कॅमेरावाला. तो बिचारा हसायचा.

खरं कारण वेगळं होतं. मावशीला बोलायचं तर अप्पांची अब्रू काढावी लागणार होती. शेवटी एका दुपारी, महिन्यातले दहा दिवस असेच गेल्यावर, तिनं माइक लंबूच्या हातात कोंबला, खुर्ची करकरत नाही ना ते हलवून पाहिलं, आणि बसली.

"मी तेरा वर्षांची होते," ती म्हणाली. "अप्पांनी एक टेप चाचणीला लावली होती. दादा दुकानातून बाहेर गेला आणि थोड्या वेळानं गोळ्या सुरू झाल्या. अप्पांनी मला टेबलाखाली ओढलं. तिथून मला फक्त ती टेप दिसत होती. तिची चाकं फिरत होती. गोळ्या वाजल्या तेव्हा फिरत होती, भोंगा वाजला तेव्हाही फिरत होती. सगळं त्यात भरलंय, कळलं का? सगळं!"

"मग ती कॅसेट कुठे आहे?" दिग्दर्शिकेचा आवाज चिरकला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी, दादाला अजून घरी आणला नव्हता, आई भिंतीला टेकून बसली होती, आणि माझा बाप काखोटीला टेप मारून बाहेर पडला. गिऱ्हाइकाला पोचवायला! परत आल्यावर मी विचारलं, अप्पा, त्यातली कॅसेट? म्हणाले, दिली यंत्राबरोबर. कुणाला? तर म्हणे आठवत नाही. दुपारी बंदूकवाल्यांची माणसं आली आणि चौकातल्या सगळ्या दुकानांमधल्या कॅसेटी, फोटो, जे मिळेल ते घेऊन गेली. पण आमची तर आधीच गेली होती! माझ्या बापाच्या वेंधळेपणानं. मरेपर्यंत मी त्यांना ऐकवलं. जेवताना, उठता बसता. त्यांचं एकच उत्तर. काम ते काम. जिथं आहे तिथं बरं आहे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि अजून मी त्यांच्यावर चिडलेली आहे. बास, बंद कर."

दिग्दर्शिकेनं एवढाच तुकडा घेतला आणि आठवड्याच्या आत जुन्या कामगार वस्तीच्या सभागृहात पडदा बांधून दाखवला. वर हात जोडून म्हणाली, "या अप्पांकडून ज्यांनी टेप दुरुस्त करून घेतली असेल, त्यांनी घरात शोधा हो. माळ्यावर, ट्रंकेत, पलंगाखाली."

आणि लोकांनी शोधलं! दोन दिवसांत चौदा कॅसेटी आल्या. कुणी डब्यातून आणली, कुणी मोज्यातून. एका आजोबांनी अख्खा टेपरेकॉर्डरच आणला, कारण कॅसेट वीस वर्षं त्यात अडकलेली. युनिटनं भाड्यानं घेतलेल्या खोलीत मावशी एकेक लावत बसली. पहिल्या बाजूंवर गाणी, बाळांची बडबड, एकावर तर कुणाचं तरी कडाक्याचं नवरा-बायकोचं भांडण. आणि दुसऱ्या बाजूवर दर वेळी तोच आवाज: "चाचणी. वार सोमवार. सकाळचे साडेदहा." मागे सायकलच्या घंट्या, हातगाडीवाला, कुणाचा तरी खोकला. नऊ वर्षांनी ती बापाचा आवाज ऐकत होती. चौथ्या कॅसेटनंतर मावशीनं हेडफोन काढून ठेवले, उठली, आणि चक्क पंखा मोठा करून त्याखाली बसली. लंबूनं दिग्दर्शिकेला खूण केली की आत्ता काही बोलू नकोस.

पण चौदांतली एकही त्या बुधवारची नव्हती.

पंधरावी तिसऱ्या दिवशी आली. चौकामागच्या गल्लीत पूर्वी सलून होतं, त्या सलूनवाल्याची बायको ती घेऊन आली. सत्तरीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. "आमच्या सलूनातल्या टेपबरोबर आली होती," ती म्हणाली. "एका बाजूला ह्यांनी गाणी भरली. दाढी करताना तीच लावायचे, गिऱ्हाइकांचे कान किटले. दुसरी बाजू कधी ऐकली नाही, तो चाचणीचा कलकलाट कोण ऐकणार?" कॅसेटच्या डबीतल्या कागदावर अप्पांच्या बारीक अक्षरात तारीख होती. तीच तारीख. मावशीचा हात पुढे झाला, तोच मृतांच्या घरच्यांची वकीलबाई मध्ये आली.

"हात लावायचा नाही. तुम्ही बहीण, त्यात आवाजाच्या धंद्यातल्या. उद्या म्हणतील, हिनंच घरी बसून बनवली. कुणी उघडायची नाही आणि वाजवायचीही नाही. पाकीट, मोहोर, आणि सरळ समितीकडे."

मावशी तणतणली. "चोवीस वर्षं दुनियेचे आवाज मी टिपले, आणि माझ्या घरचा आवाज दुसरा ऐकणार?" पण वकीलबाईचं म्हणणं खरं होतं, आणि खरं ते मावशी मानायची, मग भले दात-ओठ खाऊन का होईना.

समितीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे जग, भिंतीवर मागे पडलेलं घड्याळ. मावशी घरच्यांच्या बाकावर, दिग्दर्शिका नि लंबू परवानगी काढून कोपऱ्यात. समितीच्या तंत्रज्ञानं मोहोर फोडली, कॅसेट यंत्रात घातली. माणसं खाकरत होती, खुर्च्या सरकवत होती. मावशीला राहवेना. "चिडीचूप!" ती ओरडली. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं, पण खोली गप्प झाली हेही खरं.

"चाचणी. वार बुधवार. सव्वाचार."

मग दादाचा आवाज आला, अगदी जवळून. "अप्पा, जाऊन येतो."

"अरे, दोन घास खाऊन जा."

"आल्यावर खातो."

मावशीनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. पुढे बारा मिनिटं चौकातल्या घोषणा. मग गोळ्या. किती, ते मोजता येत नव्हतं. किंचाळ्या, पळणाऱ्या पायांचे आवाज, अप्पांची हाक, "पोरी, खाली हो!" मग शांत. आणि बरोबर चार मिनिटांनी, सगळं संपल्यावर, भोंगा. एकदा, दोनदा, तीनदा.

मग कारखान्याचा वकील उठला. माणूस हुशार, उगाच आवाज न चढवणारा. "तेहतीस वर्षं ही कॅसेट एका सलूनमध्ये पडून होती," तो म्हणाला. "गाणी भरली, पुसली, परत भरली. मधे कुणी यावर काय भरलं, कशावरून सांगणार?"

अध्यक्षांनी सलूनवाल्याच्या बायकोला पुढे बोलावलं. "या बाजूवर तुम्ही कधी काही भरलंत?"

"भरणार होतो की," ती म्हणाली. "ह्यांनी किती खटपट केली. पण त्या बाजूला लाल बटण दाबलंच जाईना. पहिल्या बाजूला दाबलं जायचं, दुसरीला नाही. म्हटलं, दुरुस्त केलीन आणि पुन्हा बिघडली! हे तणतणत टेप घेऊन अप्पांकडे गेले, मीही बरोबर होते. तर अप्पा म्हणाले, 'पहिल्या बाजूवर भरता येतंय ना? मग दुसरी राहू दे तशीच. जिथं आहे तिथं बरं आहे.'"

तंत्रज्ञानं कॅसेट काढून उलटी धरली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात, एकेका बाजूची एक. पट्टी मोडली की त्या बाजूवर नवं काही भरता येत नाही. इथे फक्त दुसऱ्या बाजूची पट्टी मोडलेली आहे. आत वर्षानुवर्षांची धूळ बसलीय. आपोआप तुटलेली नाही, स्क्रूड्रायव्हरची खूण आहे. माहीतगार माणसानं जाणूनबुजून केलंय हे."

माहीतगार माणूस! मावशीला आता सगळं उलगडलं. पोराचं प्रेत घरी यायच्या आत तो माणूस दुकानात गेला होता, पट्टी मोडली होती, आणि झडती यायच्या आधी कॅसेट गाण्यांआड लपवायला निघाला होता. जिथे रोज गाणी वाजतात तिथे कोण शोधणार? आणि घरी सांगणार कुणाला? जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिला? पुढे सांगून तरी काय, त्याच्या हयातीत कुणी पुन्हा विचारायलाच आलं नाही. त्यापेक्षा त्यानं पोरीच्या शिव्या खाल्ल्या. चोवीस वर्षं, जेवणाबरोबर.

अध्यक्षांनी लेखनिकाला मोठ्यानं सांगितलं, "लिहा. गोळीबार आधी. भोंगा गोळीबारानंतर चार मिनिटांनी. जमावाला कोणताही इशारा दिला गेला नव्हता. जुना निष्कर्ष समिती नाकारते." मागच्या बाकावर एका म्हाताऱ्या विधवेनं शेजारणीला विचारलं, "म्हणजे आपली माणसं चुकली नव्हती, असंच ना?" शेजारीण म्हणाली, "असंच."

बाहेर जिन्यावर दिग्दर्शिकेनं मावशीला थांबवलं. लंबूनं कॅमेरा दिग्दर्शिकेकडे देऊन माइक घेतला. "मावशी, काही बोलायचंय?"

मावशीनं तोंड पुसलं, सरळ उभी राहिली. "तेहतीस वर्षं मी माझ्या बापाला वेंधळा म्हणत आले," ती म्हणाली. "अख्ख्या चौकात शहाणा माणूस एकच होता, आणि तो माझ्या घरात होता. अप्पा, चुकलं माझं."

लंबूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माइक खाली लोंबला. मावशीनं ते लगेच हेरलं.

"अरे ए, माइक बघ कुठे गेलाय! आवाज लांबून आला असणार. माझा बाप हे ऐकेल तर पास करेल का? धर नीट. पुन्हा घेऊ."

लंबूनं माइक वर धरला. मावशीनं जिन्यावरच्या माणसांना दटावलं, "चिडीचूप!" सगळे थांबले. मग तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, स्वच्छ ऐकू येईल असं.